तहानेने राखलेलं जंगल

मुंबईच्या लोकलने बोरिवलीला उतरा. गर्दीतून अंग सोडवून घेत पूर्वेच्या बाजूला बाहेर या. भाजीवाले, रिक्षांची रांग, वडापावच्या गाड्या, क्लासच्या जाहिराती असं सगळं मागे टाकत थोडं चाललात, की महामार्गाच्या पलीकडे एक मोठं फाटक लागतं. फाटकाच्या अलीकडे राहतात माणसं. पलीकडे राहतात बिबटे. खरेखुरे, मोकळे, अंधार पडला की आपापल्या कामाला निघणारे बिबटे!

हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सुमारे 104 चौरस किलोमीटर. नकाशा काढा पाहू. पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव. पूर्वेला मुलुंड, भांडुप, ठाणे. उत्तरेला वसईची खाडी, आणि खाडी ओलांडून पलीकडेही या उद्यानाचा एक तुकडा आहे. दक्षिणेला आरे आणि पवई. म्हणजे चारही बाजूंनी माणसंच माणसं, आणि मधोमध हिरवंगार जंगल.

आता मला सांगा, ज्या शहरात दहा बाय दहाच्या खोलीसाठी माणूस आयुष्यभर पैसे साठवतो, त्या शहरात एवढी मोठी जागा मोकळी राहिलीच कशी? इथे टॉवर का नाहीत? मॉल का नाहीत?

“कारण ते राष्ट्रीय उद्यान आहे!” कुणीतरी लगेच हात वर केलाच. बरोबर आहे. राष्ट्रीय उद्यान म्हणजे कायद्याने राखलेलं जंगल. तिथे शिकार नाही, झाडं तोडणं नाही, गुरं चारायलाही न्यायची नाहीत. पण तारखा बघा. जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, अमेरिकेतलं यलोस्टोन, 1872 साली झालं. आपल्या देशातलं पहिलं 1936 साली. तेव्हा त्याचं नाव हेली होतं, आज त्याला आपण कॉर्बेट म्हणतो. महाराष्ट्रातलं पहिलं ताडोबा, तेही 1955 साली. मुंबई तर त्याच्या कितीतरी आधीपासून वाढत होती. सात बेटं जोडून झाली होती, गिरण्या धूर ओकत होत्या, आगगाडी धावत होती. हे जंगल गिळून टाकायला शहराकडे भरपूर वेळ होता. तरी ते उरलं.

मग कायदा यायच्या आधी त्याला राखलं कुणी?

तहानेनं! आता ती गोष्ट ऐका. त्यासाठी आधी दगडापासून सुरुवात करावी लागेल.

आगीतून आलेला दगड

साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासची गोष्ट. तेव्हा बराचसा महाराष्ट्र म्हणजे नुसता धगधगता लाव्हा. जमिनीला भेगा पडायच्या, त्यातून तापलेला रस बाहेर यायचा, पसरायचा, थंड व्हायचा. त्यावर पुन्हा नवा थर. असे थरावर थर बसून आपला काळा कातळ तयार झाला. सह्याद्रीच्या कड्यांवर ते थर अजूनही मोजता येतात.

मुंबईच्या बाजूला हा खेळ जरा उशिरापर्यंत चालला होता. तिथे काही ठिकाणी नुसता लाव्हा वाहिला नाही, तर स्फोट होऊन राख आणि खडकांचे तुकडे उडाले. ते सगळं एकत्र दाबलं गेलं, घट्ट झालं. उद्यानातल्या कान्हेरीच्या डोंगरावर गेलात की भिंतीला नाक लावून बघा. गुळात दाणे रुतलेली चिक्की आठवेल! एका रंगाच्या खडकात दुसऱ्या रंगाचे ओबडधोबड तुकडे बसलेले दिसतात. तो एकेक तुकडा म्हणजे ज्वालामुखीने फेकलेला दगड आहे.

या दगडांचेच इथे डोंगर आहेत. सगळ्यात उंच जागा साडेचारशे मीटरहून जास्त. सह्याद्रीपुढे हे डोंगर बुटकेच, पण समुद्रापासून अगदी जवळ. जूनमध्ये ढग आले की ते पहिल्यांदा यांच्यावरच टेकतात. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पण कधी? जून ते सप्टेंबर, बस्स. उरलेले आठ महिने आकाश कोरडं.

चार महिने पाणीच पाणी, आठ महिने ठणठणाट. या डोंगरावर ज्याला राहायचं, त्याने आधी हे कोडं सोडवायला हवं. आणि ते सोडवणारे लोक इथे दोन हजार वर्षांपूर्वी आले.

प्रत्येक घराला आपली टाकी

ते होते बौद्ध भिक्खू. पावसाळ्यात भटकायचं नाही, एका जागी राहायचं, असा त्यांचा नेम. त्याला म्हणतात वर्षावास. त्यासाठी त्यांना पक्कं छप्पर हवं होतं. कान्हेरीचा कातळ खोदून त्यांनी ते मिळवलं. पहिल्या शतकाच्या सुमाराला सुरू झालेलं खोदकाम शतकानुशतकं चाललं आणि एकाच डोंगरावर शंभराहून जास्त लेणी झाली. भारतात एका डोंगरात इतकी लेणी फार क्वचित सापडतील.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मोठा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं दालन आहे. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि टोकाला दगडी स्तूप. व्हरांड्यात समोरासमोर बुद्धाच्या दोन उभ्या मूर्ती, सात मीटरच्या आसपास उंच. मान वर करून बघताना टोपी पडेल. लोक त्यांचे फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही मात्र एक काम करा. कुठल्याही साध्या, छोट्या लेण्याच्या अंगणात उभे राहा आणि एका बाजूला खाली बघा.

जमिनीत एक चौकोनी तोंड दिसेल. आत डोकावलात तर काळंभोर पाणी. हीच ती पोढी, म्हणजे दगडात खोदलेली पाण्याची टाकी. इथल्या जुन्या लेखांत तिला पोढीच म्हटलंय. बहुतेक लेण्यांजवळ अशी एक तरी पोढी आहे. आता वर बघा. माथ्यावरच्या कातळावर बोटभर, वीतभर रुंदीचे चर कोरलेले दिसतील. पावसाचं पाणी डोंगरावरून सैरावैरा पळू नये, या चरांतून सरळ टाकीत यावं, यासाठी केलेली ती वाट. आज शहरात ज्याला आपण पावसाच्या पाण्याची साठवण म्हणतो आणि ज्याची पोस्टर चिकटवतो, ती इथे छिन्नी-हातोड्याने करून ठेवलेली आहे.

आता एक प्रश्न. टाकी आत मोठी आणि तोंड लहान, असं का केलं असेल?

विचार करा. उन्हात ठेवलेल्या परातीतलं पाणी भराभर आटतं, आणि अरुंद तोंडाच्या माठातलं? पाण्याचा जेवढा भाग उन्हाला आणि वाऱ्याला भेटतो, तेवढी वाफ होते. तोंड लहान ठेवलं, वर दगडाची सावली दिली, की एप्रिल-मेपर्यंत पाणी पुरतं. शिवाय कातळ घट्ट असल्यामुळे खालून झिरपूनही फारसं जात नाही. भिक्खूंच्या शाळेत विज्ञानाचा तास होता की नाही कोण जाणे, पण त्यांना बाष्पीभवन पक्कं कळलं होतं.

आणि हे सगळं खोदायला पैसे कुणी दिले? त्याचं उत्तरही भिंतीवर लिहिलेलं आहे. ब्राह्मी लिपीत, त्या काळच्या प्राकृत भाषेत. लेण्यांमधल्या लेखांत कल्याण, सोपारा, चेमूल म्हणजे आजचं चौल, नाशिक अशी गावांची नावं येतात. कल्याणच्या एका सोनाराने इथे पाण्याची पोढी दान केली. कल्याणच्याच एका लोहाराने वाट बांधून दिली. मोठा चैत्य व्यापारी भावांनी करवून घेतला, तेव्हा राज्य होतं सातवाहन घराण्यातल्या राजा यज्ञश्री सातकर्णीचं. राजेमहाराजांच्या नुसत्या सनावळ्या पाठ करून कंटाळलेल्यांनो, बघा, इतिहासात सोनार आणि लोहारसुद्धा आहेत!

हे सगळे लोक इथेच का यायचे? नकाशावर बोट ठेवा. सोपारा आणि कल्याण ही त्या काळातली गजबजलेली बंदरं. खाड्यांतून गलबतं यायची, घाटातून बैलांचे तांडे उतरायचे. त्या वाटांच्या जवळ, तरीही गोंगाटापासून लांब, पाणी साठवता येईल असा डोंगर म्हणजे कान्हेरी.

भिक्खूंची वस्ती ओसरत गेली, तरी पाहुणे येतच होते. नव्वदाव्या लेण्यात इराणकडच्या पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत, साधारण इसवी सन 1009 आणि 1021 मधले. पारशी मंडळी इथे आली आणि आपली नावं कोरून गेली. (तुम्ही मात्र भिंतीवर नाव कोरू नका. हजार वर्षांनी त्याला कुणी इतिहास म्हणेल कदाचित, पण आज दंड होईल!)

आणि मग मुंबईला तहान लागली

आता एकदम एकोणिसाव्या शतकात उडी मारू. मुंबई बेटावर माणसं भराभर वाढत होती. प्यायला पाणी कुठलं? विहिरी आणि तलाव. उन्हाळ्यात ते आटायचे, उरलेलं पाणी खारट किंवा घाण. 1850 नंतरच्या दशकात पावसाने दगा दिला तेव्हा तर इतकी तंगी झाली, की पाणी होड्यांतून आणि नव्या कोऱ्या आगगाडीतून आणावं लागलं. 1853 साली सुरू झालेली बोरीबंदर-ठाणे गाडी माणसं वाहायला लागली, आणि लगोलग पाणीही!

तेव्हा हेन्री कॉनिबेअर नावाच्या इंजिनिअरची योजना हाती घेतली गेली. शहराच्या उत्तरेला, साष्टी बेटावरच्या याच डोंगरांमध्ये मिठी नदी अडवायची, तिथे मोठा तलाव करायचा आणि नळाने पाणी मुंबईत आणायचं. काम 1856 साली सुरू झालं, 1860 साली पाणी शहरात आलं. हा विहार तलाव. मुंबईच्या घरांत नळाचं पाणी आलं ते इथून. विहार पुरेना, तेव्हा जंगलात आणखी वर तुळशी तलाव बांधला. तो 1879 साली पुरा झाला.

आता येतो गोष्टीतला खरा मुद्दा. तलाव म्हणजे नुसता बांध आणि पाणी नव्हे. भोवतालच्या ज्या उतारांवरचं पाणी घरंगळत तलावात येतं, त्या सगळ्या जमिनीला म्हणतात पाणलोट क्षेत्र. त्या उतारावर तुम्ही काय करता, ते शेवटी लोकांच्या पेल्यात येतं. तिथे कारखाना काढलात तर त्याचं रसायन पेल्यात. गटार काढलंत तर... नको, पुढचं नको बोलायला! म्हणून तलावांभोवतीचं रान राखून ठेवावं लागलं. वाढत्या शहराने बाकीची जमीन गिळली, पण आपल्याच पाण्याच्या डोक्यावर घर बांधायची सोय नव्हती.

खात्री पटत नाही? मग पवईकडे बघा. पवई तलाव 1891 साली याच कामासाठी बांधला. तो उद्यानाच्या बाहेर आहे. आज त्याच्या काठाला इमारतींची रांग आहे आणि त्याचं पाणी प्यायला वापरत नाहीत. तुळशी आणि विहार जंगलाच्या कुशीत आहेत. त्यांचं पाणी शुद्ध करून मुंबई आजही पिते. तलाव एकमेकांच्या शेजारी, वरून पडणारा पाऊस तोच. मोठा फरक काठावरच्या जंगलाचा.

थोडं गणित करू? तुळशी तलाव काठोकाठ भरला की त्यात सुमारे 804 कोटी लिटर पाणी मावतं. ऐकायला केवढं वाटतं! पण आजच्या मुंबईला रोज जवळपास 390 कोटी लिटर लागतं. मग एकटा तुळशी किती दिवस पुरेल? करा भागाकार. जेमतेम दोन दिवस! म्हणून आज बहुतेक पाणी लांबून येतं. भातसा, तानसा, वैतरणा ही नावं तुम्ही पावसाळ्यात बातम्यांत ऐकली असतील. आणि गंमत म्हणजे, तानसा तलावाभोवतीही तानसा अभयारण्यच आहे. जिथे पाणी, तिथे जंगल. ही जोडी सुटत नाही.

पायाखालची जादू

पण जंगल पाण्यासाठी करतं तरी काय? पाऊस तर ढगातून येतो!

उद्यानात झाडाखाली जरा उकिडवे बसा. वरची वाळलेली पानं हळूच बाजूला करा. साग, ऐन, कळंब यांची पानं सगळ्यात वर, अजून आख्खी. त्याखाली जाळीदार झालेली, नुसत्या शिरा उरलेली. त्याहून खाली काळसर चुरा, पावसाळ्यात हाताला ओलसर लागणारा. त्यातून मुंग्यांची, गांडुळांची, वाळवीची बिळं गेलेली. नीट बघून झालं की पानं पुन्हा तशीच पांघरून ठेवा, आत बरीच मंडळी राहतात.

पावसाचा टपोरा थेंब उघड्या जमिनीवर आदळला तर माती उडते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. इथे तो आधी फांद्यांवर पडतो, मग पानांच्या गालिच्यावर, मग बिळांमधून सावकाश आत झिरपतो. म्हणूनच पाऊस थांबल्यावरही ओढे लगेच आटत नाहीत. मिठी, दहिसर, पोईसर, ओशिवरा या मुंबईच्या चार नद्या याच डोंगरांतून निघतात. 26 जुलै 2005 या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदी पात्राबाहेर आली आणि शहर बुडालं. एवढ्या पावसाला कुठलंच जंगल पुरतं आवरू शकत नाही. पण हे सगळे डोंगरही सिमेंटचे असते तर काय झालं असतं?

घरी करून बघा: प्लॅस्टिकच्या दोन मोठ्या बाटल्या आडव्या ठेवून त्यांची वरची बाजू मोठ्या माणसाकडून कापून घ्या. दोन्हीत सारखी माती भरा. एक तशीच ठेवा, दुसरीवर वाळलेली पानं आणि गवत पसरा. दोन्ही थोड्या तिरक्या ठेवून तोंडाखाली एकेक ग्लास ठेवा. आता दोन्हींवर झारीने सारखंच पाणी घाला. कुठल्या ग्लासात पाणी आधी आलं? कुठलं जास्त गढूळ? वहीत लिहून ठेवा.

उतारावरची माती धरायला इथे आणखी एक पहारेकरी आहे, कारवी. माणसाहून उंच वाढणारं झुडूप, डोंगरउतारावर दाटीने उभं. तिच्या काठ्यांचे कूड करून, त्यांना शेणमातीने लिंपून आदिवासी घरं बांधतात. ती फुलते मात्र सात-आठ वर्षांतून एकदाच, पण तेव्हा सगळा डोंगर जांभळा! तुम्ही पहिलीत असताना फुलली असेल, तर पुन्हा फुलेपर्यंत तुम्ही आठवी-नववीत पोचलेले असाल. मधमाश्यांची तेव्हा नुसती चंगळ असते.

आणि ठिपकेवाले रहिवासी

पाण्यासाठी जंगल राहिलं, आणि जंगल राहिलं म्हणून बाकीचे भाडेकरूही राहिले. चितळ, सांबर, माकडं, रानडुक्कर, तुळशी-विहारमधल्या मगरी, रंगीबेरंगी फुलपाखरं, आणि अर्थातच बिबटे.

बिबटे किती आहेत ते कसं मोजतात? ते काही रांगेत उभे राहून “हजर!” म्हणत नाहीत. जंगलातल्या वाटांवर झाडांना आपोआप चालणारे कॅमेरे बांधतात. समोरून काही हललं की खटॅक, फोटो! प्रत्येक बिबट्याच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, तुमच्या अंगठ्याच्या ठशासारखी. पण एक अडचण आहे. त्याच्या डाव्या कुशीवरची नक्षी आणि उजव्या कुशीवरची नक्षीसुद्धा वेगवेगळी! डावीकडून फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी उजवीकडून, तर एकाच बिबट्याचे दोन होतील. म्हणून कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर बांधतात. अशा मोजणीत 2015 साली 35 बिबटे सापडले, 2018 साली 47.

ते हरणं खातात, डुकरं खातात, आणि जंगलाच्या काठावर भटके कुत्रेही. कचरा साठला की कुत्रे वाढतात, कुत्रे वाढले की बिबट्या वस्तीजवळ येतो. तेव्हा बिबट्या लांब राहावा असं वाटत असेल, तर कचरा वेळेवर उचलायचा. अंधार पडल्यावर जंगलाकडेच्या वाटेने लहान मुलांनी एकटं जायचं नाही, मोठ्यांनी बॅटरी आणि सोबत घेऊन चालायचं.

हे शहाणपण इथल्या वारली आदिवासींना फार आधीपासून आहे. उद्यानात आणि आरेमध्ये त्यांचे पाडे आहेत. त्यांचा देव वाघोबा. दगडावर किंवा लाकडावर वाघ कोरलेला, सोबत चंद्र-सूर्य. दिवाळीच्या सुमाराला वाघबारस येते, तेव्हा त्याची पूजा होते. तू तुझ्या वाटेने, आम्ही आमच्या वाटेने, असा हा जुना करार.

आता तुमची पाळी

तुम्ही मुंबईत राहत नसाल तर नाराज होऊ नका. तुमच्या नळाच्या मागेही बहुधा एखादं जंगल उभं असेल. नागपूरकरांनो, तुमचं पाणी पेंच नदीवरच्या धरणांतून येतं, आणि त्या नदीकाठी पेंच राष्ट्रीय उद्यान आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या मुलांनो, वारणा धरणाच्या जलाशयाभोवती चांदोली राष्ट्रीय उद्यान शोधा. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या राधानगरी धरणाभोवती राधानगरी अभयारण्य आहे. गोव्यातल्या दोस्तांनो, साळावली धरणाच्या मागच्या डोंगरांत नेत्रावळी अभयारण्य बघा.

एक मोठा कागद घ्या. एका टोकाला आपलं घर काढा. मग विचारत, शोधत उलटं जा. नळाच्या आधी टाकी, टाकीच्या आधी शुद्धीकरण केंद्र, त्याआधी धरण, धरणात येणारी नदी, नदीचा उगम, आणि उगमावरचं रान. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी लिहा. इथला दगड कुठला? हे कुणी आणि कधी बांधलं? इथे कोण कोण राहतं, माणसं धरून? भूगोल, इतिहास आणि विज्ञान अशा तीन विषयांचा अभ्यास एका कागदावर होईल. बाईंना दाखवलात तर बहुतेक प्रकल्पाचे मार्कही मिळतील.

आणि हो, कागद पुरा झाला की घरातल्या मोठ्यांची तोंडी परीक्षा घ्या. प्रश्न एकच, “आपण कुठल्या जंगलाचं पाणी पितो?” बहुतेक जण “महापालिकेचं” किंवा “ग्रामपंचायतीचं” म्हणतील. त्यांना अर्धा मार्क द्या आणि नकाशा समोर धरून बाकीचं शिकवा.